सुटलेल्यांची बचत

आमच्या ह्यांना काळजी करायला कारण लागत नाही. कुलूप लावलं की ओढून बघतील, जिना उतरतील आणि फाटकापासून परत वर येतील. "अहो, कुलूप आहे ते, रुसून निघून जाणार नाही," मी म्हणते. ते हसतात आणि पुन्हा ओढतात. पेन्शन कचेरीत अशाच माणसाला मोजदादीला बसवतात.

गेल्या वर्षी कचेरीत नवी नोंदणी सुरू झाली. म्हातारपणाचं पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतः यायचं, यंत्राला चेहरा दाखवायचा, तरच पैसे चालू राहणार. मेलेल्यांच्या नावावर जाणारा पैसा थांबेल, असा त्यामागचा हिशोब. खरंच बचत होते का, ते तपासायचं काम ह्यांच्या गळ्यात पडलं. वरच्या मजल्यावरून बेरजा आल्या, आकडा चांगला घसघशीत निघाला. साहेब खूश, आणि हे रात्री घरी बसून तीच बेरीज पुन्हा पुन्हा करायचे.

"एवढी माणसं एका वर्षात कशी जातील गं?"

"मला काय विचारता? मी काय यमाची कारकून आहे?"

मग एका दुपारी कचेरीतून लवकर घरी आले, चेहरा पांढराफटक. गेलेल्यांमध्ये कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांचं नाव होतं. काकांनी त्याच आठवड्यात ह्यांची पँट कमरेत सैल करून दिली होती आणि वर ऐकवलं होतं, "आता पोट आवरा, कापड संपलं."

मी चप्पल घातली आणि दोघं तसेच निघालो. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, एक मशीन आणि एक बाक. काका काजं करत बसले होते. हे बाकावर टेकले.

"काका, तुमचं... बरं आहे ना?"

"बरं म्हणजे? हा काय, समोर बसलोय की."

पेन्शन मात्र कित्येक महिने बंद होतं. काका रांगेत दोनदा उभे राहिले, दोन्ही वेळा यंत्र बंद. नंतर पाय सुजले, कचेरीचा जिना चढवेना. "खिडकीवरच्या मुलीने नाव टिपून घेतलंय, बोलावते म्हणाली," काका म्हणाले. मशीनच्या खणात रक्तदाबाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं. पैसे आले की आणायच्या, म्हणून गोळ्या थांबवल्या होत्या त्यांनी! मला असा संताप आला की काय सांगू. ते पाकीट घेऊन हे धावत औषधाच्या दुकानात गेले. काकांनी गोळ्या घेतल्या, पण बदल्यात ह्यांच्या शर्टाचं माप घेतल्याशिवाय सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी खिडकीवरच्या मुलीला गाठलं. ती गोंधळली. "सर, मी 'सुटले' असं लिहिलंय. म्हणजे नोंदणीतून सुटले, राहून गेले. त्यांना परत बोलवायचं होतं." वरच्या मजल्यावर बेरीज करणाऱ्यांनी तोच शब्द वाचला आणि त्यांना वाटलं, सुटले बिचारे! अंथरुणाला खिळलेलं माणूस गेलं की आपण म्हणतो, तसं. मग जे जे सुटले ते सगळे बचतीत जमा.

साहेब म्हणाले, "आकडा कळवून झालाय. आता फिरवला तर माझी शोभा होईल. तुम्ही फक्त सही करा." कुलूप ओढून बघणारा हा माणूस, त्याने चक्क नाही म्हटलं. घरी येऊन मला सांगितलं. मी नको नको ते बोलले. लेकीची फी भरायची होती, नोकरी गेली असती तर काय, मला नुसती धडकी भरली होती. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सही काही केली नाही.

सहीशिवाय अहवाल पुढे जाईना, तेव्हा शेवटी साहेब वरमले. घरोघर जाऊन तपासायचं ठरलं. बहुतेक सुटलेल्यांनी स्वतःच दार उघडलं. यंत्रांचा आणि माणसांचा खर्च वजा केला तेव्हा बचत उरली ती चहापाण्यापुरती. बंद पेन्शनं एकेक करून चालू होऊ लागली. हे रोज विचारायचे, काकांची मंजुरी आली का. रोज उत्तर एकच, पाळीने येईल.

पाळी यायच्या आधीच काका गेले. मशीनवर बसल्या बसल्या. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, मध्ये गोळ्या बंद केल्या होत्या का?

त्यानंतरच्या रविवारी हे अंतिम अहवाल घेऊन बसले होते. अंगात काकांनी शिवलेला शर्ट. आपल्या मरणाने गेलेल्यांचे पैसे एकीकडे लिहायचे, ते कसंही थांबलेच असते. नोंदणीमुळे वाचलेले दुसरीकडे.

"काकांना कुठे घालू गं?" ह्यांनी विचारलं. "तसेही जाणारच होते म्हटलं, तर नोंदणीने काही वाचवलं नाही. आणि नोंदणीपायी गेले म्हटलं, तर नियमाप्रमाणे ती बचत होते."

मी उठले आणि दाराची कडी ओढून बघितली.