केरूनानाचे वीस गुंठे

सायखेड्यात वाल्मीकएवढा तापट माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता, आणि हे त्याची बायको मनीषाच त्याच्या तोंडावर सांगायची. द्राक्षाच्या बागेत तर तो कोणाच्या बापाचं ऐकायचा नाही. फक्त एका माणसापुढे त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. तो म्हणजे छाटणीच्या टोळीचा मुकादम, केरू साळवे. सगळं गाव त्यांना केरूनाना म्हणे.

नाना ख्रिस्ती. गावाच्या टोकाला त्यांच्या लोकांची पाच-सात घरं आणि एक पत्र्याचं चर्च. साठीला टेकलेला बारका माणूस, धोतर आणि डोक्याला मळकी टोपी. छाटणी सुरू करण्याआधी पहिल्या वेलीखाली टोपी काढून उभे राहायचे, "बापा, आजचा दिस तुझा," एवढंच म्हणायचे आणि कात्री उचलायचे. तेवढा वेळ टोळीतल्या बायाही गप्प उभ्या राहायच्या. चौदा वर्षं त्यांनी वाल्मीकची बाग छाटली, पण बोट ठेवायला जागा ठेवली नाही.

महिन्यातल्या एका रविवारी नाना पाळकसाहेबांबरोबर नाशिकरोडच्या जेलमध्ये जात आणि कैद्यांपुढे भजनं म्हणत. आवाज म्हणाल तर फुटका डबा.

"नाना, त्यांना आधीच शिक्षा झालीय, तुम्ही आणखी कशाला देता?" वाल्मीक चिडवायचा. नाना डोळ्यांत पाणी येईतो हसायचे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे.

सत्याण्णव सालच्या ऑक्टोबर छाटणीला मात्र त्यांनी कहरच केला. त्याच जेलमधून सुटलेला एक माणूस टोळीत घेऊन आले.

ललित त्याचं नाव, गाव वणी, वय तिशीच्या आतबाहेर. बांधावरून भांडण झालं, रागाच्या भरात त्याने चुलतभावाच्या हातावर कोयता घातला. भाऊ वाचला, पण हात कायमचा निकामी झाला. सहा वर्षं भोगून ललित घरी गेला, तर सख्ख्या भावाने उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. आता तो नानांच्या मागे मान खाली घालून उभा होता.

"नाना, डोकं ठिकाणावर हे ना?" वाल्मीक कडाडला. "ज्यानं कोयता चालवला, त्याच्या हाती कात्री देता?"

"मंग काय देऊ, भाऊ? रिकामे हात लय वाईट."

टोळीतली सगळ्यांत जुनी बाई ठमाबाई. तिने पदर खोचला. "आमच्या शेजारच्या ओळीत नको हां नाना. सांगून ठेवते."

"माझ्या शेजारी राहील," नाना म्हणाले.

"बाटवायचं चाललंय काय त्याला?" वाल्मीकने विचारलंच.

"तो सकाळी सप्तशृंगीला हात जोडतो, मी माझी प्रार्थना करतो. दोघांचं झ्याक चाललंय. त्याचं काय वंगाळ निघालं, तर मला विचारा."

आता या छाटणीत एक मेख आहे. मांडवावर पसरलेल्या प्रत्येक काडीला एक गाठ असते. घड धरणारा डोळा त्या गाठीपाशी. गाठीच्या वरचा एक डोळा राखून कात्री मारली, तर वर्षभराचं पीक. गाठीच्या खाली मारली, की नुसता पाला. एक बोटभर फरक, आणि एकदा कापलं की देवाला साकडं घातलं तरी काडी जोडता येत नाही. नाना तीन दिवस ललितच्या शेजारी उभे राहून एकच बोलत होते, "आधी गाठ बघ, मंग हात उचल."

चौथ्या दिवशी नानांना निफाडला एका नातलगाच्या मातीला जावं लागलं. दुपारी वाल्मीक बागेत फेरी मारत होता, तर ललितच्या ओळीत खाली पडलेल्या काड्यांवर त्याची नजर गेली. एक उचलली. तिला गाठ होती. दुसरी उचलली, तिलाही. गाठी सगळ्या जमिनीवर, म्हणजे वर वेलीवर काय राहिलं? कपाळ! अख्खी ओळ वांझ झाली होती.

मग जो काही भडका उडाला, तो शेजारच्या तीन बागांत ऐकू गेला. "उचल तुझं गाठोडं! दळभद्री कुठला! तरी मी म्हणत होतो!" ललितने कात्री खाली ठेवली. तेवढ्यात नाना परतले. वाल्मीकने काड्यांचा भारा त्यांच्या पायाशी आपटला. नाना वाकले, एक एक काडी हातात घेऊन पाहिली. बाया कामं टाकून बघत राहिल्या. नाना आता काय सबब सांगतात, याची सगळे वाट पाहत होते.

"घाई केली?" नानांनी ललितला विचारलं.

"हो नाना. बाया पुढं निघून गेल्या व्हत्या. वाटलं, मागं राहिलो तर म्हणतील, फुकट खातो."

नाना वाल्मीककडे वळले. "चूक हाय, भाऊ. लहान नाय, वर्षाची ओळ गेली. माझ्या टोळीनं घालवली, म्हंजी मी घालवली. माझ्या मजुरीतून काय ते फेडून घ्या."

"ते राहू द्या. हा माणूस उद्या मला इथं दिसायला नको."

"बरोबर हाय तुमचं. नाय दिसणार." मग नाना ललितला म्हणाले, "उद्या तू माझी बाग छाट. एकट्यानं."

"अगं बया!" ठमाबाईच्या तोंडून निघालं.

नानांची बाग म्हणजे नदीकडेचे वीस गुंठे. घरातलं मीठमिरचीपासून लेकीच्या बाळंतपणापर्यंत सगळं त्याच्यावर. त्या वेलींना नानांशिवाय कोणाची कात्री लागली नव्हती, पोटच्या पोरालाही त्यांनी हात लावू दिला नव्हता. वाल्मीकचा राग कुठल्या कुठे गेला, तो हबकलाच. नानांना त्याने बाजूला नेलं.

"नाना, खरं सांगा. तरुणपणी तुमच्या हातून काही झालं होतं का? कोणतं पाप फेडताय?"

नाना हसले. "नाय वो. मी कधी कोणाच्या शेतातलं कणीस मोडलं नाय. पण त्यात माझी काय करामत? मला पडायच्या आधीच धरणारे व्हते. आई व्हती, मास्तर व्हते, पाळक व्हते. ह्याला पडल्यावर पण कोणी नाय. आमचा प्रभू असल्यांच्या घरी जाऊन जेवायचा, भाऊ. मला तेवढं मोठं काय जमतंय? कात्री जमती, ती देतो."

चौदा वर्षं ज्याच्याबरोबर बांधावर बसून चहा प्यायला, तो माणूस केवढा आहे, हे वाल्मीकला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या दिवशी नाना नेहमीसारखे वाल्मीकच्या बागेत हजर. टोपी काढली, प्रार्थना केली, कामाला लागले. नदीकडे एकदा मान वळवून पाहिलं नाही. वाल्मीकलाच चैन पडेना. दहा वाजता त्याने गाडीला किक मारली आणि थेट नानांची बाग गाठली.

बांधावर नानांची बायको साळूबाई कांदे निवडत बसली होती, मांडवाकडे पाठ करून.

"काकू, लक्ष तरी ठेवा! कुठं कापतोय, कसं कापतोय…"

"मला पण बघू नको म्हनलेत," साळूबाई म्हणाली. "म्हनले, मागं उभं राहिलं की मानसाचा हात कापतो. रातभर माझा डोळा लागला नाय, भाऊ. ते मातर घोरत व्हते."

वाल्मीक मांडवाखाली शिरला. पुढे ललितची पाठ दिसत होती. वाल्मीक चोरासारखा खाली बसला आणि कापलेल्या काड्या चाचपू लागला. पहिली ओळ. एकाही काडीला गाठ नव्हती. दुसरी ओळ रांगत रांगत पाहिली, तिसरी पाहिली. कापलेल्या काड्या साऱ्या गुळगुळीत, गाठी वर वेलीवर जिथल्या तिथे. ललित काडी धरायचा, बोटाने गाठ चाचपायचा, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायचा आणि मग कात्री मारायचा. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

पाचोळा वाजला. ललितने वळून पाहिलं. गुडघ्यांवर बसलेला, मुठीत काड्या धरलेला मालक त्याला दिसला. वाल्मीकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने काड्या टाकल्या, गुडघे झटकत उठला.

"मालक," ललित घाबरत म्हणाला, "बरं झालं आलात. ह्या काडीला दोन गाठी हायेत. कोनत्या गाठीवर मारू?"

वाल्मीकला उत्तर येत होतं. झोपेतही आलं असतं. तोंड उघडलं होतं, हातही काडीकडे निघाला होता. त्याने तो हात मागे घेतला.

"तुला वाटतं तिथं मार," तो म्हणाला. "आणि हे उरकलं की माझ्याकडं ये. पाच ओळी राहिल्यात."

एवढं बोलून तो वळला आणि बांधाकडे चालू लागला. बांधापाशी पोचला, तेव्हा मागून कात्रीचा आवाज आला. वाल्मीकने वळून पाहिलं नाही.