शारदाक्कानं उसवलेला खिसा

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा, नात मीना सातची. जन्मापासून तिचा डावा हात आखडलेला, डावा पाय ओढत चालायची. पायाच्या ऑपरेशनसाठी सरकारी विम्यात नाव बसायला हवं होतं आणि त्यासाठी अपंगत्वाचा दाखला. मी चौथीत शाळा सोडलेला शिंपी. पण माझ्या नातीला सरकारी कागदावर कुणी अपंग लिहावं, हे मला मान्य नव्हतं. शारदाक्का आमच्याच बसवनगुडीच्या गल्लीतली, निवृत्त शिक्षिका. सरकारी इस्पितळात दाखल्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लोकांचे अर्ज भरून द्यायची. मीनाचाही भरला, मला न विचारता. मी भांडलो. ती आपल्या कानडी वळणानं म्हणाली, "सरी अण्णा, बरं, भांडून झालं की इथं सही करा." केली...

तपासणीला मी मीनाला माझ्या हातचा फ्रॉक घालून नेलं. शारदाक्काही सोबत आत आली. तिचे सगळे फ्रॉक मी तसेच शिवायचो. घेर घोट्यापर्यंत, डावीकडे खोल खिसा. हात आत गेला की कुणाला काही कळायचं नाही. डॉक्टरांनी विचारलं तर मीच पुढं होऊन म्हणालो, "सगळं करते ती. स्वल्प हळू चालते, एवढंच." ते तसंच लिहायला लागले.

"थांबा डॉक्टर," शारदाक्का उठली. "हे शिंपी आहेत. लपवायचं कसब यांच्याकडून शिकावं." पिशवीतून कात्री काढून तिनं सगळ्यांदेखत तो खिसा उसवला. "बाळ, त्या हातानं बटण लाव बघू." मीनाला लागेना. तिनं माझ्याकडं पाहिलं, जणू चूक तिचीच होती... माझी मान खाली गेली. डॉक्टरांनी पहिल्यापासून तपासलं.

बाहेर शारदाक्का म्हणाली, "रागावलात?"

"चांगली शिवण वाया घालवलीत."

"मग नवा शिवा. खिसा उजवीकडं ठेवा, तिला चॉकलेट तरी काढता येईल!"

दाखला मिळाला, विम्यात नाव बसलं, ऑपरेशन झालं. मीना आता टाच टेकवून चालते. शारदाक्काचे आभार मात्र मी कधी मानले नाहीत. तोंड उघडायचो आणि भलतंच काही बोलायचो. तिला ते कळत होतं, असं मी धरून चालतो.

गेल्या महिन्यात ती गेली. तिला पोचवून आलो, जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी इस्पितळात गेलो आणि दाखल्याच्या खोलीबाहेर ती बसायची त्या बाकावर बसलो. शेजारी एक बाई होती, मांडीवर मुलगा, पाय शालीत घट्ट गुंडाळलेले. काय झालंय विचारलं तर म्हणाली, "काही नाही, जरा अशक्त आहे."

तिचा नंबर येईपर्यंत मी तिला माझी चूक सांगत बसलो.