सुनंदा हलली नव्हती

सुनंदाला कॅन्सरने मारलं नाही.

कॅन्सर तिने केव्हाच हरवला होता. आज सकाळी माझी बायको गेली ती हार्ट फेल्युअरने.
आणि ते हार्ट कोणी खराब केलं, ते मला माहीत आहे.

वकील म्हणालेत, नाव लिहू नका. नाही लिहीत. ज्याला कळायचं त्याला कळेल.

गाठ डाव्या स्तनात होती. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. तिथे मागेच हृदय असतं. पेशंटने खोल श्वास घेऊन रोखून धरला की हृदय किरणांपासून लांब सरकतं. तेवढ्याच वेळात मशीन चालवायचं. श्वास सोडला की मशीन बंद.

त्या हॉस्पिटलात ती सोय होती. लिफ्टशेजारी भलंमोठं पोस्टर होतं.

सुनंदा पालिकेच्या तलावावर मुलींना पोहायला शिकवायची. पाण्याखालून एका दमात या काठावरून त्या काठाला. श्वास रोखणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ.

तिने स्वतःहून विचारलं होतं, "डॉक्टर, मी श्वास धरू का? पोस्टरवर आहे तसा?"

डॉक्टर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "मॅडम, त्याला वेळ लागतो. बाहेर गर्दी बघितलीत ना? तुम्हाला गरज नाही त्याची."

गरज नाही.

काही वर्षांनी पर्वती चढताना ती निम्म्यातच पायरीवर बसली.
"अहो, दम पुरत नाहीये."
सुनंदाला. दम. पुरत नाहीये.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी जुनी फाइल बघून पहिला प्रश्न विचारला, "रेडिएशन देताना श्वास धरायला लावला होता का?"
"नाही," सुनंदा म्हणाली. "मी विचारलं होतं. गरज नाही म्हणाले."

आता कमेंटमध्ये कोणीतरी लिहील, वहिनी फार क्षमाशील होत्या.
अजिबात नव्हत्या. घरी आल्या आल्या चपला काढायच्या आत म्हणाली, "ह्या माणसाला सोडायचं नाही."

मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. डॉक्टरांचं उत्तर आलं: पेशंट सारख्या हलत होत्या, त्यामुळे ती पद्धत वापरता आली नाही.

शेवटच्या सुनावणीला सुनंदा व्हीलचेअरवर आली. अर्धं वाक्य बोललं की थांबावं लागायचं. तरी समितीसमोर तिने डॉक्टरांनाच विचारलं,
"मी हलत होते ना?
मग मशीन थांबवलं का नाहीत?
हलणाऱ्या बाईवर तसंच चालू ठेवलंत?"

डॉक्टर पाणी प्यायले. वकिलाकडे बघितलं. पुन्हा पाणी प्यायले.

त्यांचं लायसन्स काही महिन्यांसाठी सस्पेंड झालं. लोक अभिनंदन करत होते. रिक्षात बसल्यावर सुनंदा म्हणाली, "एवढंच?"
मग शिक्षा वाढवून मिळावी म्हणून अपील टाकलं. सही तिचीच.

आज डॉक्टरांचा मेसेज आलाय. जोडलेले हात, आणि खाली "एक लढवय्या व्यक्तिमत्त्व हरपले".
कोणाशी लढत होती, तेही लिहायचंत की.

दुपारी तिला वैकुंठ स्मशानभूमीत नेतोय. डॉक्टर, आपण येऊ नये. आलात तर सगळ्यांसमोर गेटवरून परत पाठवीन. तेवढी ताकद आहे अजून माझ्यात.

सुनंदा, शांती वगैरे तुला कधी मानवली नाही, म्हणून ती मागत नाही.
अपिलाची तारीख पडली आहे. तुझ्या वतीने मी उभा राहीन.

नीट जा.