खुर्चीवर साहेब, दारावर मी

एका परक्या देशातल्या न्यायाधीशांना माझ्या कुकरच्या शिट्ट्या पाठ झाल्या आहेत. ही बढाई नाही, तक्रार आहे.

आमचे साहेब, म्हणजे माझे यजमान, मध्य प्रदेशात न्यायाधीश होते. घरातही मी त्यांना साहेबच म्हणते. आधी कौतुकानं म्हणायची, आता सवयीनं, आणि भांडण असलं की मुद्दाम. आम्ही मूळचे गोंदियाकडचे, पण नोकरीत एकदा तीन वर्षं बालाघाटला होतो, ते गाव आवडलं, म्हणून निवृत्तीनंतर इथंच घर बांधलं. पहिलं वर्षभर साहेबांनी पेपरातल्या चुका काढल्या. पेपर संपला की माझ्या. मी कुलदैवताला नवस बोलायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांना एक काम चालून आलं.

समुद्राकाठचा एक लहानसा देश आहे. तिथं पुष्कळ वर्षं लष्कराचं राज्य होतं. न्यायाधीशाला वरून फोन यायचा आणि तो फोनवर ऐकलेला निकाल स्वतःच्या अक्षरात लिहायचा. आता लष्कर गेलं, निवडणुका झाल्या, नवे तरुण न्यायाधीश नेमले. त्यांना नीट वागायला शिकवावं म्हणून काही श्रीमंत देशांनी मदत देऊ केली, आणि त्या मदतीतून ठिकठिकाणचे म्हातारे जज गोळा केले. त्यात आमचे हे एक. दर गुरुवारी दुपारी लॅपटॉपवर तास. विषय, न्यायाधीशाचं आचरण. त्या देशाचं नाव मला अजून धड घेता येत नाही, पण तिथल्या न्यायव्यवस्थेचा एक खांब आमच्या मधल्या खोलीत, दिवाण आणि शिलाई मशीन यांच्या मध्ये उभा आहे.

पहिल्या तासाआधी तिकडून पार्सल आलं. आत कानाला लावायचं यंत्र आणि एक पांढरा कप, त्यावर त्या प्रकल्पाचं चिन्ह. साहेब दोन दिवस त्या कपाकडे बघत बसले. भेटवस्तू घेऊ नये हा पहिला पाठ, आणि पाठाच्या आधी भेटवस्तू दारात. शेवटी त्यांनी पत्र लिहून विचारलं की हा कप मी ठेवून घेणं नियमात बसतं का. उत्तर येईपर्यंत मी तो तांदळाच्या पिंपात टाकला. माप म्हणून झकास आहे.

तासाला साहेब काळा कोट घालून बसतात. कोणी सांगितलेलं नाही. पंख्याचा आवाज तिकडे ऐकू जातो म्हणून पंखा बंद, आणि कोटात घामाच्या धारा. साहेब इंग्रजीत बोलणार, तिकडे एक दुभाषी बाई ते त्यांच्या भाषेत सांगणार, आणि त्यांचं इंग्रजीत. मधल्या खोलीला लागूनच स्वयंपाकघर. पहिल्याच दिवशी कुकरची शिट्टी झाली तेव्हा दुभाषी बाईनं फार अदबीनं विचारलं, की आपल्या घराजवळ रेल्वे आहे का? तिकडेही काही कमी नव्हतं. एका तरुण न्यायाधीश बाईच्या मागं कोंबडा होता. साहेबांनी 'निःपक्षपात' म्हटलं की तो आरवायचा.

गोष्ट घडली ती भेटवस्तूंच्या तासाला. साहेबांनी नियम वाचून दाखवला. मग ती कोंबडावाली बाई म्हणाली, "सर, नियम समजला. पण तुमच्या घरी वस्तू यायच्या तेव्हा तुम्ही कोर्टात असायचे. मग नाही कोण म्हणायचं?"

इतकी वर्षं वकिलांनी ज्या माणसाला बोलण्यात धरलं नाही, त्याला एका पोरीनं धरलं. मी आतून ऐकत होते आणि मला, खोटं कशाला सांगू, गुदगुल्या होत होत्या.

"अवं," साहेबांनी हाक मारली, "इकडे ये बरं जरा."

"माह्ये हात बेसनात आहेत."

"तशीच ये."

तशीच गेले. आणि विचारलंच आहे तर सांगितलं, की हे खुर्चीवर प्रामाणिक होते, दारावर मी होते. खुर्चीला कोणी वांगी आणून देत नाही, दाराला देतात. मी मराठीत बोलायची, साहेब त्याचं इंग्रजी करायचे, दुभाषी बाई त्यांच्या भाषेत, आणि मग हसू यायचं. बालाघाटहून निघालेल्या विनोदाला दोन ठिकाणी गाडी बदलावी लागत होती, पण पोचत होता.

मला चेव चढला. एका गावात मी साऱ्या घराला साखरेचा आजार आहे असं जाहीर करून टाकलं होतं, ते सांगितलं. दिवाळीचे डबे सगळे परत गेले. पण आमची पोट्टी तेव्हा तीन वर्षांची, ती शेजारी जाऊन चार पेढे खाऊन आली, आणि शेजारीण रात्रभर झोपली नाही. सकाळी बिचारी विचारायला आली, पोरगी बरी आहे ना? लग्नांचं सांगितलं. मांडवाच्या टोकाला बसायचं, अक्षता टाकायच्या आणि न जेवता उठायचं. आमच्याकडे लग्नात जेवला नाही तो भांडायला आला असंच समजतात. घरी येऊन पिठलं टाकायचं आणि जरीच्या साडीत बसून खायचं.

सगळे हसत होते. साहेबसुद्धा. तेव्हा त्या बाईनं आणखी एक विचारलं, आणि या वेळी कोंबडाही गप्प होता.

ती म्हणाली, "माझ्या जिल्ह्यात डोंगरातले लोक आहेत. आम्ही किनाऱ्यावरचे लोक त्यांच्या घरचं पिढ्यान् पिढ्या खात नाही. एक डोंगरातली बाई उकडलेले कंद घेऊन माझ्या दारी आली होती, मी घरी नव्हते, ती पुन्हा येईल. तिचा खटला माझ्याकडे आहे. मी नाही म्हटलं तर नियम पाळला जाईल, पण तिला त्यातून जुनंच समजेल. मॅडम, तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलं?"

साहेबांनी मला मराठीत सांगितलं. मला ते सांगायच्या आधीच समजलं होतं, इंग्रजी बोलता येत नसलं तरी ऐकून कळतं मला.

"अशी वेळ आली नाही," मी म्हटलं.

साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं, दुभाषी बाईनं तिकडे. आणि त्या पोरीनं मान खाली घालून ते वहीत लिहून घेतलं.

तास संपला की तिकडचे लोक एक कागद भरून पाठवतात, आजचं शिकवणं कसं वाटलं म्हणून. त्या दिवशी जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं की मॅडमना पुन्हा बोलवा. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. दुसरा दिवस असता तर मी महिनाभर तो कागद फ्रिजवर चिकटवून ठेवला असता. पण त्या संध्याकाळी माझ्या भाजीत मीठ नव्हतं आणि वरणात दोनदा होतं.

कारण अशी वेळ आली होती. याच गावात.

बालाघाटला आम्ही नोकरीत होतो तेव्हा सरकारी बंगल्यामागं कमरेएवढी भिंत होती आणि पलीकडे एक मास्तरीण राहायची. बंगल्यांच्या रांगेत सगळा कारभार हिंदीत. मी 'जी, जी' करून करून कंटाळले होते. एका सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "काय करून राह्यली वं बाई?" आणि मला भरून आलं. तेव्हापासून रोज भिंतीला टेकून गप्पा. ती बौद्ध, आम्ही कुणबी. हे दोघींनाही ठाऊक होतं, त्यावर दोघीही कधी बोललो नव्हतो.

बुद्ध पौर्णिमेच्या सकाळी, सुट्टी असूनही फायली बघायला कोर्टात जाताना साहेब म्हणाले, "मागच्या घरच्यांचा जमिनीचा दावा माझ्याकडे आला आहे. जपून राहा. आणि दाव्याबद्दल त्यांच्याशी अक्षर बोलायचं नाही." ते गेले, आणि थोड्या वेळानं भिंतीवर डबा ठेवल्याचा आवाज झाला.

"खीर हाय, गरमच खा," ती म्हणाली, आणि विहारात कार्यक्रम होता म्हणून लगबगीनं गेली.

खीर चिन्नोरची होती. आमच्याकडचा हा तांदूळ शिजला की चार घरांना कळतं, झाकणाचं त्याच्यापुढं काही चालत नाही. मी खिडकीत उभी राहिले. बाहेर गेले नाही, डब्याला हात लावला नाही. वैशाखाचं ऊन चढत गेलं आणि डबा भिंतीवरच. दूध नासलं असणार. दिवस कलला तेव्हा भिंतीपलीकडून एक हात वर आला आणि डबा घेऊन खाली गेला. त्यानंतर ती भिंतीशी आली नाही.

साहेब म्हणाले, बरं केलंस. पुढं बदली झाली, आम्ही गेलो. तो दावा साहेबांनी ऐकलाच नाही, त्यांच्या जागी आलेल्यांकडे गेला. म्हणजे ज्या दाव्यासाठी मी मैत्रीण घालवली, त्यात आमच्या साहेबांची सहीसुद्धा नव्हती! आणि निवृत्तीनंतर इथं आलो तर ती गावातच. आठवडी बाजारात दिसायची. मी दिसले की ती एकेक भेंडी मोडून बघायला लागायची. मी टमाट्यांकडे वळायची. अठरा वर्षं झाली होती त्या डब्याला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. रविवारी मी चप्पल घातली आणि निघाले. साहेब म्हणाले, कुठं? म्हटलं, गृहपाठ राहिला आहे.

तिनंच दार उघडलं. केस पांढरे झालेले, चष्मा नाकावर.

"मी आहो," मी म्हटलं.

"दिसून राह्यलं. साहेबायनं पाठोलं का?"

"नाही. माह्या मनानं आली."

"बस मग."

तिनं पाण्याचा गिलास आणला. मी तो सगळा प्याले. शेवटचा घोट जाईपर्यंत ती बघत होती. दारी येऊन भांडं लपवायचं नाही असं मी वाटेत दहादा घोकलं होतं, तरी बोलायला लागले ती सोप्याच टोकानं.

"त्या दिवशी तुमचा दावा साहेबांकडं आलता. सकाळीच त्यायनं सांगतलं. तुले बोलाची सोय नव्हती मले."

"ठाऊक हाय. दुसऱ्याच महिन्यात आमच्या ह्यायनं सांगतलं. मास्तरीण हो मी, मले नियम समजते."

मी बघतच राहिले. तिला ठाऊक होतं. मग बाजारात मला बघून भेंड्या कशाला मोडत होती?

"अन्?" ती म्हणाली.

म्हटलं ना, खोटं कशाला सांगू. मला कळलं ती काय विचारते आहे. साहेबांनासुद्धा जे कधी सांगितलं नव्हतं, ते तिच्या पुढ्यात बसून सांगितलं.

"अन् सासूबाई आलत्या घरी. तुह्या घरची खीर त्यायनं उंबरा ओलांडू देली नसती. मले भांडा लागलं असतं, अन् भांडाची माही हिंमत नव्हती. दावा निघाला अन् माही सुटका झाली. नियम हाय म्हनून बरं झालं, असं वाटलं मले. खिडकीत उभी राहून वाटलं. त्याची लाज वाटते मले."

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"दावा तं कागदावर होता, तो कोनीबी सांगतला असता," ती म्हणाली. "हे दुसरं तूच येऊन सांगशीन, म्हनून वाट पाहत होती."

मी रडले. तीही रडली असेल, पण ती उठून आत गेली होती. आतून आवाज आला, "खीर नाही हाय. ते पौर्णिमेलेच होते. वांग्याची भाजी अन् भाकर हाय."

"वाढ," मी म्हटलं. दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी तिनं न विचारता ताटात टाकली आणि म्हणाली की जज लोकायच्या बायका लई खातात वं.

गुरुवारी मी साहेबांच्या आधी खुर्चीत जाऊन बसले. कुकर आधीच उतरवून ठेवला होता. मी सगळं सांगितलं, सासूबाईंसकट. साहेबांनी ते इंग्रजीत करताना मधेच थांबून माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही ते पहिल्यांदाच कळत होतं. मग त्यांनी एकही शब्द न गाळता पुढं सांगितलं.

त्या पोरीनं विचारलं, "मग मी कंद घेऊ की नको?"

"घेऊ नको," मी म्हटलं. "पण त्याच दिवशी तिच्या समोर उभी राहून सांग की खटला संपेपर्यंत मी कोणाच्याच हातचं घेत नाही. आणि खटला संपला की तिच्या घरी जाऊन माग. त्याआधी मनात आणखी काही कारण आहे का, ते बघ. असलं तर ते आधी."

गाडी दोन ठिकाणी बदलून ते तिकडे पोचलं. या वेळी कोणी हसलं नाही. तिनं वही घेतली, मागची पानं उलटून गेल्या गुरुवारची जागा शोधली आणि तिथली ओळ खोडली.