न उमटलेली ओळ

नवी मुंबईत, पावण्याला, मी कामाला होतो तो स्टिकर आणि लेबलं छापायचा छोटा कारखाना होता. तिथून बारा वर्षांपूर्वी एका बाईंना काढून टाकलं. चुकीचं लेबल त्यांनी तपासून पास केलं, असा ठपका होता. तो खोटा होता. चूक माझी होती, आणि ती त्यांच्या नावावर जावी अशी व्यवस्थाही मीच केली. त्या वेळी तिथे असलेले लोक आता पांगले आहेत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं तर त्यांनी निदान एवढं तरी लक्षात ठेवावं.

माझं काम छपाईच्या आधीचं. गिऱ्हाईक फोनवर फोटो पाठवायचं, तोही कुणाच्या तरी व्हिजिटिंग कार्डाचा, आणि म्हणायचं, "हेच मोठं करून द्या." मोठं केलं की सगळं फाटायचं, कडा दातेरी व्हायच्या, म्हणून तो लोगो मी पुन्हा रेघ रेघ करून काढायचो. रंग कापायच्या रेषेच्या दोन मिलिमीटर बाहेर न्यायचो, म्हणजे पातं जरा सरकलं तरी कडेला पांढरं दिसत नाही. मसाले, फिनेल, पापड, शाळेच्या वह्यांवरची नावं, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. माझ्या हातून चूक होत नाही असं मला वाटायचं, आणि इतरांनाही तसंच वाटावं याची मी काळजी घ्यायचो.

त्या बाई सारसोळे गावच्या, कोळीण. नवरा खाडीत होडी घेऊन जायचा, आणि या नऊच्या आत कारखान्यात हजर. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. त्यांचं काम तपासणीचं. प्रत्येक जॉबचं एक पाकीट असायचं. त्यात गिऱ्हाइकाने लिहून दिलेला मजकूर, माझ्या आर्टवर्कचं प्रूफ, म्हणजे छपाईआधी कागदावर काढलेला नमुना, आणि तपासणीची चिठ्ठी. ताई भिंग घेऊन बसायच्या, प्रत्येक ओळीखाली नख ठेवून पुटपुटत वाचायच्या, जुळलं की पेन्सिलीने बारीक खूण करायच्या आणि शेवटी चिठ्ठीवर सही. त्या सहीशिवाय मशीन चालत नसे.

मशीनवाला त्यांना चिडवायचा, "ताई, तुम्ही लेबलं पण मच्छीसारखी निवडता."

"मच्छी सडली तर वास तरी येतो रे," त्या मान वर न करता म्हणायच्या. "तुझं काम सडलं तर वासपन येत नाय."

एकदा लोणच्याच्या लेबलवर पुढे एक वजन आणि मागे दुसरं, हे त्यांनी पकडलं होतं. गिऱ्हाइकाला दिसलं नव्हतं, मला दिसलं नव्हतं. मी हसून आभार मानले होते. मनात ते मला आवडलं नव्हतं.

नारळी पौर्णिमेला ताई दुपारीच निघायच्या. गावात पूजा, घरी पाहुणे. त्या वर्षी तीन जॉब किरकोळ बदलांसाठी अडकले होते. मी म्हटलं, "ताई, तीन चिठ्ठ्यांवर सह्या करून जा. बदल आले की मी करून सोडतो."

"कोऱ्या चिठ्ठ्या, भाऊ?"

"मी आहे ना."

ही पद्धत आम्ही आधीही एक-दोनदा वापरली होती. त्यांनी सह्या केल्या. "दर्याला नारल देताना तुमचं पन नाव घेतंय," असं म्हणून, पिशवीत गजरे जपत गेल्या.

त्या गेल्यावर फरशी साफ करायच्या लिक्विडवाल्याचा फोन आला. त्याचं लेबल ताईंनी आदल्या दिवशीच तपासून पास केलं होतं. त्यात लाल पट्टीवर काळ्या अक्षरांत सावधगिरीची ओळ होती: हातमोजे घालून वापरा, मुलांपासून दूर ठेवा. तो म्हणाला, काळं उठून दिसत नाही, पांढरं करा. मी अक्षरं निवडली, काळ्याची पांढरी केली, फाईल मशीनला पाठवली. पाच मिनिटांचं काम. नवीन प्रूफ काढलं नाही. बदलानंतर नवी चिठ्ठी लागायची, म्हणून जुनी काढून ताईंनी सही केलेली एक कोरी चिठ्ठी पाकिटात घातली.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. काळी अक्षरं खालच्या रंगावर थेट छापायची, अशी एक सूचना फाईलमध्ये असते. त्याला ओव्हरप्रिंट म्हणतात. काळ्याला ती योग्य. पण आमच्या छपाईत पांढरी शाई नसते. पांढरं म्हणजे न छापलेला कागद. लाल पट्टीत अक्षरांच्या जागा मोकळ्या सोडल्या तरच पांढरं दिसतं. रंग बदलताना ती सूचना काढायची मी विसरलो. मग मशीनने लालावर पांढरं, म्हणजे काहीच नाही, छापलं. अक्षरं गेली, नुसती लाल पट्टी राहिली. माझ्या पडद्यावर मात्र ओळ ठळक दिसत होती. या धंद्यात नव्या पोराला पहिल्या महिन्यात शिकवतात ती ही चूक.

आठवड्याने गिऱ्हाईक हातात बाटली घेऊन आलं. माल न्हावा शेवा बंदरात पोचला होता. तिथे माल घेणाऱ्याच्या माणसाने विचारलं, सावधगिरीची ओळ कुठे आहे? सगळे खोके परत. गिऱ्हाईक ओरडत होतं, शेठ त्याला चहा पाजत होते.

बाटली पाहताक्षणी मला कळलं. मी जागेवर येऊन फाईल उघडली, ती सूचना काढली, फाईल बंद केली. मग पाकीट काढलं. आत ताईंनी तपासलेलं मूळ प्रूफ होतं. त्यावर काळी ओळ स्पष्ट, आणि शेजारी त्यांची पेन्सिलीची खूण. ते मी चार घड्या घालून शर्टाच्या खिशात टाकलं. त्याच्या जागी मशीनवरचा एक कागद ठेवला, ओळ नसलेला. आत चहाचे कप अजून वाजत होते.

शेठनी ताईंना बोलावलं. मलाही.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"आणि हे प्रूफ. यात ओळ दाखवा मला."

ताईंनी कागद हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. भिंग लावलं. लाल पट्टीवरून नख फिरवलं. "मी वाचली व्हती शेठ. मना आठवतंय."

"वाचली होती तर गेली कुठे? उडून?"

दारात उभा मशीनवाला हसला. "ताई, सणाचं टेन्शन होतं तुम्हाला. अर्धा जीव नारळात."

मग ताईंना काहीतरी आठवलं. त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, त्या कोऱ्या चिठ्ठ्या... त्यातली तर नाय ना ही?"

शेठ माझ्याकडे पाहू लागले. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. इथून बाहेर पडलो तर मला कोण ठेवणार, एवढाच विचार डोक्यात होता. निदान आजवर मी स्वतःला तसं सांगत आलो. खरं हे की नोकरीपेक्षाही, मी पोरासोरांची चूक केली हे कुणाला कळू नये, असं मला वाटत होतं.

"नाही ताई," मी म्हणालो. "त्या तीन वेगळ्या जॉबच्या. ही तुम्ही आदल्या दिवशी केलेली."

आदल्या दिवशी त्यांनी हे लेबल तपासलं होतं हे खरंच होतं. म्हणून त्यांनी कागद टेबलावर ठेवून दिला. पेन्सिलीची खूण कुठे गेली, हे कुणीच विचारलं नाही.

जाताना भिंग परत द्यायला त्या माझ्या टेबलाशी आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, मना खरंच लाईन दिसली व्हती. काली व्हती. माझे डोले असे कसे फसवतील?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी म्हणालो, "वयानं होतं, ताई. मनाला लावून घेऊ नका." त्या तेव्हा पंचेचाळीसच्याही नव्हत्या. खिशातलं प्रूफ मी घरी जाऊन फाडलं.

पुढे रबाळ्याच्या एका औषधांच्या पॅकिंगमध्ये त्यांना तपासणीचंच काम मिळत होतं. त्या गेल्या नाहीत, असं मशीनवाल्याने सांगितलं. मी ऐकून घेतलं. मी नेरूळला राहतो. सारसोळं वीस मिनिटांवर. बारा वर्षांत मी तिकडे वळलो नाही. मासळीसुद्धा दुसरीकडून आणायचो.

गेल्या महिन्यात गेलो. त्याआधी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि पट्टी सुटल्यावर लेबलावरची बारीक अक्षरं वाचताना मला रडू फुटलं. माझ्या सुनेला वाटलं, आनंदाने.

ताई ओट्यावर सुपात जवळा, बारीक सुकी कोळंबी, निवडत बसल्या होत्या. मला लगेच ओळखलं. "अगो बाय, भाऊ! किती वाललात! या, या." सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी चहाची वाट न पाहता बोलायला सुरुवात केली. फोन, काळ्याचं पांढरं, कोरी चिठ्ठी, बदललेला कागद, खिसा. काही गाळलं नाही.

त्या जवळा निवडता निवडता ऐकत होत्या. मग हसल्या.

"भाऊ, तुमी चांगले मानूस. इतक्या लांब आलात, मना बरं वाटावं म्हनून."

"ताई, शपथ घेतो. खरं सांगतोय."

"कम्प्युटरवर दिसतं नि छापल्यावर दिसत नाय? मना येडी समजताव काय? तो कागद मीच बघितला ना शेठसमोर. भिंग लावून बघितला. लाईन नव्हती."

"तो कागद मी ठेवलेला."

"मंग माझा कुठं हाय?"

तो मी फाडला होता. कारखाना बंद झाला, कम्प्युटर भंगारात गेला, शेठ वारले. दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी पुन्हा सांगू लागलो, पांढरी शाई नसते, पांढरं म्हणजे कागद. त्यांनी समजूत घालावी तसा माझ्या हातावर हात ठेवला. "सोडा. कवाची गोष्ट. माझेच डोले गेले व्हते तवा. सुई ओवायची मी तवापासून सोडली. पोराच्या पोरीची वही पन बघत नाय मी, उगी चुकायची."

बोलता बोलता त्यांनी जवळ्यातून शिंपल्याचा एक कण उचलून बाजूला टाकला. तो मला, नव्या डोळ्यांनी, सुपात दिसलाही नव्हता. "हे बघा," मी म्हणालो, "हे दिसलंच ना तुम्हाला?"

"हाताला लागलं," त्या म्हणाल्या.

सून चहा घेऊन आली. ताईंनी कप घेतला आणि निवडून झालेलं सूप तिच्याकडे सरकवलं. "बघ गो एकदा तू. माझ्या डोल्यांवर नको जाऊस."

सून खाली बसली आणि निवडलेला जवळा पुन्हा पहिल्यापासून निवडू लागली.