दगडी बुंध्याला घातलेलं पाणी

अमेरिकेत, प्लेनो शहरात आमच्या घराजवळ एक जुनी दफनभूमी आहे. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला दाताच्या डॉक्टरचं ऑफिस. पायी फिरायला सावलीची जागा तेवढीच, म्हणून मी बाबांना तिथे नेऊ लागलो. आई गेल्यावर मी त्यांना इकडे घेऊन आलो होतो. पुढच्या आठवड्यात त्यांचं पुण्याचं परतीचं तिकीट होतं. ते कॅन्सल करून त्यांनी इथेच राहावं, असा माझा आणि बायकोचा लकडा चालू होता. बाबा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते.

त्या दिवशी ऑफिसचा फोन आला म्हणून मी मागे राहिलो. फोन ठेवून पाहतो तर बाबा एका तोडलेल्या झाडाच्या बुंध्याशी वाकून बाटलीतलं पाणी ओतत होते.

"बाबा, तो दगड आहे."

"काहीतरीच. साल बघ की."

साल हुबेहूब होती. गाठी, छाटलेल्या फांद्या, चढलेली वेल, सगळं कोरलेलं. मधे एका माणसाचं नाव आणि त्याखाली कुऱ्हाड. मी फोनवर शोधून त्यांना सांगितलं, की सभासदांचा विमा उतरवणारी एक जुनी संघटना होती. सभासदाला हयातीत पदव्या, गुप्त खुणा, मिरवणुका. मेल्यावर थडग्यावर हे दगडी झाड.

"लाकूडतोडे होते का?"

"कसले! कारकून, दुकानदार, न्हावी. कुऱ्हाड मिरवण्यापुरती."

बाबांची सगळी नोकरी विमा कंपनीत गेली. "आम्ही कॅलेंडर द्यायचो," ते म्हणाले. "त्यावरही लोक भांडायचे, गणपतीचंच पाहिजे म्हणून."

जन्मभर वजनकाट्यामागे बसलेल्या माणसाने मेल्यावर अरण्यातला वीर व्हावं, याची मला गंमत वाटत होती. बाबांना वाटत नव्हती.

"याच्याकडे येतं का कोणी?"

"गवत कापायला येतात."

"मग घातलं पाणी ते बरंच झालं," म्हणून ते बाजूच्या बाकावर बसले. "तुझ्या आईचा दहावा आठवतो? कावळा शिवत नव्हता."

आठवत होतं. पिंड ठेवून आम्ही घाटावर उन्हात उभे होतो आणि कावळे पलीकडच्या भिंतीवर बसून राहिले होते. कोणीतरी मला पुढे ढकललं. बाबांना माझ्याकडे नेतो, असं मी मोठ्याने म्हणालो. कावळे हलले नाहीत.

"तू म्हणालास तेव्हा नाही शिवला," बाबा म्हणाले. "वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, यांच्या जेवणाखाणाचं आम्ही बघू, यांना एकटं पडू देणार नाही. तेव्हा शिवला."

"बाबा, कावळा आहे तो. तेव्हा भूक लागली असेल त्याला."

"असेल की. मी कुठे नाही म्हणतोय?"

ते रिकाम्या बाटलीला झाकण लावू लागले. इतके दिवस मी त्यांना इथले डॉक्टर, मोठी खोली, नातवंडं असं सगळं समजावत होतो आणि ते ऐकून घेत होते. कावळ्याबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. पण काकूंना त्यांचा शब्द पाळायला जिना उतरला की पुरत होतं. माझा शब्द पाळला जावा म्हणून बाबांना समुद्र ओलांडावा लागला होता.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हटलं, "तिकीट राहू दे, कॅन्सल नको करायला." बाहेर बाबांनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.