छपरीतला तिसरा खांब

घरापुढची छपरी झाडताना तिसऱ्या खांबाच्या बुडाशी झाडू अडकला. ओढला तर मूठभर भुसा बाहेर आला. बोट घातलं, ते सहज आत गेलं. वाळवी.

नवऱ्याने उभ्याउभ्या निकाल लावला, "पाडून टाकू. स्लॅबचं बांधू."

मला बरंच वाटलं. मी नालवाडीच्या दोन खोल्यांच्या पक्क्या घरात वाढलेली. लग्न होऊन समुद्रपूरकडच्या या शेतातल्या मातीच्या घरात आले त्याला बावीस वर्षं झाली होती, आणि दर वर्षी भिंती सारवताना मी हेच म्हणत आले होते. सासरे एवढंच बोलले, "पाडाच्या आधी एकडाव मिस्त्रीले दाखवू."

मिस्त्री नाचणगावचे, सत्तरी ओलांडलेले. जुन्या लाकडाचं काम जाणणारा जवळपास दुसरा उरला नव्हता, म्हणून दोन बस बदलून आले. पण आल्या आल्या खांबाकडे गेलेच नाहीत. चहाचा कप घेऊन अंगणात उभे राहिले आणि नुसतं घराकडे बघू लागले.

"सूनबाई, या भिंतीले भेग काऊन नाई, सांगा बरं?"

आमच्या काळ्या मातीत शेजारची सिमेंटची घरं दोन उन्हाळ्यांत तडकलेली मी पाहिली होती. आपलं तडकलं नाही, हे मात्र कधी मनातच आलं नव्हतं.

"काळी माती उन्हाळ्यात फाटते, पाण्यात फुगते. बांधणाऱ्यानं ती सारी उपसून पाया खाली मुरमात नेला हाय. अन् हे जोतं पाहा, कमरेइतकं. सारा दगड."

मग त्यांनी खांब बोटांनी ठोकत ठोकत वरपर्यंत ऐकला. शेवटी नवऱ्याकडे वळले. "सागवान हाय. वीतभर पाय सडला, बाकी सारा जिवंत हाय. पाय गेला म्हणून माणूस जाळता काय?"

नवरा हसला. दुसऱ्या दिवशी तोच ओळखीच्या ट्रकवाल्याकडून दोन जॅक घेऊन आला.

मिस्त्रींनी छपराचा भार पेलणाऱ्या आडव्या मयालीखाली दोन्ही बाजूंना जॅक लावले. दांडा फिरू लागला तसं छप्पर कुरकुरलं. सासऱ्यांनी दारात उभ्याउभ्या हात जोडले. मी तर छपरावरची कवेलू आता डोक्यावर पडतील म्हणून पदर घेऊन अंगणात पळाले. छप्पर बोटभर उचललं गेलं, खांब मोकळा झाला, आणि एक कवेलूही सरकलं नाही.

"खिळा कुठंच नाई," मिस्त्री शिडीवर चढून सांधे बघत म्हणाले. "साऱ्या लाकडी खुंट्या. म्हणून हे घर हलते, पण मोडत नाई."

गोठ्यातल्या एका जुन्या सागवानी तुकड्याचा पाय त्यांनी खाच पाडून असा बसवला की जोडावरून नख फिरवलं तरी अडत नव्हतं. मयालीच्या टोकाशी काही बारीक चिरा होत्या, एक रेघ, दोन रेघा, एक पाखराच्या पायासारखी खूण. मी त्या बावीस वर्षं पुसत आले होते. उंदरांनी कुरतडलं असेल, असं समजून.

"नंबर व्हय हे," मिस्त्री म्हणाले. "सारं घर आधी खाली जमिनीवर जुळवलं, मंग उचलून वर नेलं. कोणतं लाकूड कुठं बसते, ते चुकू नये म्हणून."

मी हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिले. कोण होता तो सुतार, कुणाला ठाऊक. सासऱ्यांनाही माहीत नव्हतं.

काम संपल्यावरही मिस्त्री निघेनात. म्हणाले, "मले या घराचं माप पाह्यजे, असं आता कोणी बांधत नाई. लिहाले माझे डोळे चालत नाई, तुम्ही लिहा." मुलाच्या जुन्या वहीत मी लिहू लागले. ते टेप धरत, मी आकडा टिपत होते. भिंत दोन हात जाड. पश्चिमेला खिडकी एकच, तीही ताटाएवढी, म्हणजे दुपारचं ऊन आत शिरायलाच नको. उत्तरेच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही संध्याकाळी तोडलेली भाजी ठेवतो आणि सकाळी बाजारात ती ताजी उतरते. ते माझ्या ओल्या गोणपाटाचं कसब, असं मी सगळ्यांना सांगत असे. ते त्या खोलीचं होतं.

पाचच्या बसला सासरे मिस्त्रींना सोडायला गेले. अर्धं घर मोजायचं राहिलं होतं, आणि वही माझ्याकडेच होती.

दुसऱ्या दिवशी वांगी तोडून झाल्यावर मी टेप घेऊन माजघरात स्टुलावर चढले. नवरा दारात येऊन उभा राहिला.

"आता काय करून राह्यली?"

"टेपचं टोक धरा," मी म्हटलं. "अन् सरळ धरा, दोन बोटंही चुकलं नाई पाह्यजे."

त्याने चप्पल काढली आणि भिंतीशी जाऊन टोक धरलं.